चार्जर कुणाच्या शब्दावर चालतो

लॅपटॉपच्या चार्जरचा ड्रायव्हर लिहितो असं सांगितलं की नातेवाईक मंडळी वायरीच्या मध्यावर असलेल्या काळ्या ठोकळ्याकडे बघतात. तो चार्जर नव्हेच. तो नुसता अडॅप्टर; घरातली वीज एकोणीस-वीस व्होल्टवर आणून द्यायची, एवढंच त्याचं काम. खरा चार्जर मदरबोर्डवर असतो. नखाएवढी काळी चिप, शेजारी दोन-चार मॉस्फेट, एक जाडसर इंडक्टर आणि दोन बुटके रोधक. या चिपला किती व्होल्ट, किती अँपिअर हे सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. कधी तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात असतो, तर कधी कीबोर्ड आणि पंखा सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या पोटातच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये. त्या कंट्रोलरला आम्ही ईसी म्हणतो.

काम म्हणाल तर किरकोळ वाटावं असं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२४७३५ ही चिप घ्या. तिच्यात रजिस्टरं असतात, म्हणजे आकडे लिहायचे-वाचायचे कप्पे; त्यांचे क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, म्हणून त्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. हेक्स १४ या रजिस्टरमध्ये प्रवाह लिहायचा, १५ मध्ये व्होल्टेज, ३एफ मध्ये अडॅप्टरकडून जास्तीत जास्त किती ओढायचं ते. आकडे सरळ मिलिअँपिअर आणि मिलिव्होल्टमध्ये. दोन अँपिअर हवेत? २०४८ लिहा. प्रवाहाची पायरी ६४ची, व्होल्टेजची १६ची. त्यामुळे तीन सेलच्या पॅकसाठी १२६०० लिहिलं तरी चिप १२५९२ धरते, आणि त्या आठ मिलिव्होल्टनं कुणाचं काही अडत नाही. १७५ सेकंदांत पुन्हा काहीच लिहिलं गेलं नाही, तर वरचा प्रोग्रॅम अडकला असं समजून चिप चार्जिंग थांबवते. संपलं. एका दुपारी लिहून व्हावं.

तरी या फायली हजार-दीड हजार ओळींच्या होतात. त्या ओळी वाचत गेलं की लक्षात येतं, बॅटरी कशी चार्ज करायची यावर त्यातल्या फार थोड्या खर्च झाल्यात. बाकीच्या सगळ्या एकाच गोष्टीभोवती घुटमळतात: समोर नेमकं कोण आहे, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून खरं मानायचं.

हा घोळ होऊच नये म्हणून नव्वदच्या दशकात एक फार देखणी कल्पना निघाली होती. तेव्हा बाजारात निकेल-कॅडमियम, निकेल-मेटल हायड्राइड आणि नुकती आलेली लिथियम-आयन, अशी सगळी सरमिसळ होती. प्रत्येकीची चार्जिंगची तऱ्हा वेगळी. ड्युरासेल आणि इंटेल यांनी मिळून १९९५ च्या सुमाराला ‘स्मार्ट बॅटरी’ची व्यवस्था मांडली. बॅटरीला एसएमबस नावाच्या दोन तारांच्या रस्त्यावर एक पत्ता दिला, हेक्स ०बी. चार्जरला दिला ०९. आणि ठरवलं की किती प्रवाह हवा, किती व्होल्टेज हवं, हे बॅटरीनंच चार्जरला सांगायचं. बॅटरीच्या पोटातल्या १४ आणि १५ या रजिस्टरांचे क्रमांक चार्जरच्या १४ आणि १५ शी जुळतात, तो योगायोग नाही. बॅटरी स्वतः बसची मालकीण होऊन ठरावीक वेळानं आपली मागणी थेट चार्जरच्या रजिस्टरमध्ये टाकणार. मध्ये ड्रायव्हरची गरजच नाही. कुठल्याही रसायनाची बॅटरी, कुठलाही चार्जर. ज्याला आपली गरज ठाऊक आहे त्यानंच ती सांगावी, यापेक्षा सरळ मांडणी मला तरी सुचत नाही.

पण लॅपटॉपच्या आत फक्त बॅटरी नसते. अडॅप्टर ४५ वॉटचा आहे की ९० चा, प्रोसेसर या क्षणी किती ओढतोय, मालकानं ८० टक्क्यांवर थांबायला सांगितलंय का, हे बॅटरीला कुठून कळणार? म्हणून ईसी मध्ये आली. बॅटरीची मागणी ती वाचते, त्यात आपली काटछाट करते आणि मग चार्जरला सांगते. त्यातच चिपा बनवणाऱ्यांनी १४ आणि १५ तेवढी जपली आणि बाकी रजिस्टरांत आपापले संसार थाटले. मूळ व्यवस्थेत १२ व्या रजिस्टरला चार्जरचा ‘मोड’ होता. बीक्यू२४७३५ मध्ये त्याच क्रमांकावर त्या चिपचे खास पर्याय आहेत. क्रमांक तोच, घरात माणसं वेगळी.

मग चिपलाच विचारावं की बाई, तू कोण? सोय आहे. एफई या रजिस्टरमध्ये उत्पादकाचा क्रमांक, एफएफ मध्ये चिपचा. लिनक्समधला बीक्यू२४७३५ चा ड्रायव्हर सुरू होतानाच हे दोन्ही वाचतो आणि ४० व ०बी हे आकडे दिसले नाहीत तर पुढे जायला सरळ नकार देतो. हा खाक्या मला आवडतो.

सगळीकडे इतकं सुरळीत नसतं. टॅबलेटमध्ये आढळणाऱ्या बीक्यू२५८९० कुळात चार भावंडं आहेत: २५८९०, २५८९२, २५८९५ आणि २५८९६. एक ड्रायव्हर चौघांना सांभाळतो. त्यात २५८९० चा ओळखक्रमांक ३, २५८९५ चा ७, आणि उरलेल्या दोघांचा शून्य. दोघांचा एकच! फरक करायचा तर आवृत्तीचे वेगळे बिट बघायचे: २ असेल तर ९६, १ असेल तर ९२. आणि यातलं काहीच नसेल तर? ड्रायव्हर लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फायलीत एक सूचना टाकतो की आवृत्ती अनोळखी आहे, २५८९२ समजून चालतो. ही ओळ मी कित्येकदा वाचली असेल. लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. कुळातल्या दोघांत फारसं अंतर नाही, आणि टॅबलेट चार्जच न होण्यापेक्षा थोडा अंदाज परवडला, हा त्याचा हिशेब कळतो. पण ‘समजून चालतो’ हे शब्द प्रवाह सोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसले की माझ्या कपाळावर आठी येतेच.

याहून मजेशीर प्रकार बॅटरी मोजणाऱ्या चिपांचा. बीक्यू२७xxx च्या ड्रायव्हरमध्ये नमुन्यांची जी यादी आहे त्यात बीक्यू२७५१० तीनदा येते, जी१, जी२ आणि जी३ म्हणून, आणि बीक्यू२७५२० चारदा. एकाच नावाच्या या सगळ्या पिढ्या. आतलं फर्मवेअर बदललं, तशी रजिस्टरांची मांडणी बदलली. बाहेरून पॅकिंगवरचं नाव वाचून काही उपयोग नाही. या ड्रायव्हरनं त्यावर काढलेला तोडगा मात्र सुरेख आहे. प्रत्येक नमुन्यासाठी एक तक्ता: तापमान या पत्त्यावर, व्होल्टेज त्या पत्त्यावर, आणि जे रजिस्टर त्या नमुन्यात नाहीच तिथे एफएफ. खालचा सगळा कोड तक्त्यात बघतो आणि चालतो. नवा नमुना आला की तक्त्यात एक रकाना वाढतो, कोडला सहसा हात लागत नाही.

याउलट दर नमुन्यामागे ‘जर ही चिप असेल तर’ अशी अट घालत गेलेले ड्रायव्हर मी पाहिलेत. सुरुवातीला एकच अट असते, ती निरागस दिसते. मग दुसरी चिप येते, मग त्याच चिपची दुरुस्त आवृत्ती, मग एका गिऱ्हाइकाचा एकच बोर्ड. दोन वर्षांनी त्या फायलीत कुणी बदल करायला धजत नाही, कारण कुठली अट कुणासाठी होती हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

हे झालं चिपबद्दल. आता त्या बुटक्या रोधकांकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथे आहे.

चिपला प्रवाह थेट दिसत नाही. बॅटरीकडे जाणाऱ्या वाटेत एक अगदी लहान रोधक लावलेला असतो, साधारण १० मिलिओहमचा. प्रवाह त्यातून गेला की त्याच्या दोन टोकांत किंचित व्होल्टेज पडतं, ते चिप मोजते. २०४८ मिलिअँपिअर गुणिले १० मिलिओहम म्हणजे २०.४८ मिलिव्होल्ट. चिपच्या दृष्टीनं रजिस्टरमधल्या २०४८ चा अर्थ एवढाच: या दोन पायांमध्ये २०.४८ मिलिव्होल्ट पडेपर्यंत प्रवाह वाढव. अँपिअर वगैरे आपण म्हणतो; तिला फक्त मिलिव्होल्ट कळतात.

समजा, त्या जागी कुणी ५ मिलिओहमचा रोधक लावला. तसं करायला चांगलं कारण असतं. मोठ्या बॅटरीसाठी जास्त प्रवाह सोडायचा तर रोधकात उष्णता वाया जाते, आणि ४ अँपिअरला १० मिलिओहममध्ये जेवढी जाते त्याच्या निम्मी ५ मध्ये जाते. आता २०.४८ मिलिव्होल्ट पडायला ४०९६ मिलिअँपिअर लागणार. ड्रायव्हरनं लिहिलं २०४८, वाचून पाहिलं तर रजिस्टरमध्ये २०४८च, कुठेही चूक नाही, आणि बॅटरीत जाताहेत चार अँपिअर. तराजू चोख आहे, पण पारड्यात टाकलेलं किलोचं माप मुळात दोन किलोचं निघालं, तर काट्याला दोष देऊन काय होणार!

हे मी आमच्या लॅबमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. एकाच पीसीबीवर दोन मॉडेल बनत होती, छोट्या बॅटरीचं आणि मोठ्या बॅटरीचं. पीसीबीचा रंग, आकार, चिपा, सगळं तेच. एका बोर्डवर चार्जिंग सुरू केलं आणि टेबलावरच्या डीसी क्लॅम्प मीटरवर ४.१ दिसलं. स्क्रीनवर ड्रायव्हर सांगत होता २०४८. मीटरचा शून्य पुन्हा लावला, तरी ४.१. मग बॅटरीलाच विचारलं. स्मार्ट बॅटरीच्या ०ए रजिस्टरमध्ये तिला मिळणारा प्रवाह वाचता येतो, आणि तो मोजायला पॅकच्या आत तिचा स्वतःचा वेगळा रोधक असतो. तिथेही चार हजारांच्या वरचा आकडा.

लॅबमध्ये सोल्डरिंगचं काम करणारे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बोर्ड हातात घेतला, भिंगाखाली धरला आणि दोन सेकंदांत म्हणाले, “अरे, हा आर०० पाच आहे. तुझ्या पहिल्या बोर्डवर आर०१० आहे बघ.”

खरोखर रोधकाच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत आर००५ छापलेलं, म्हणजे ५ मिलिओहम. डाव्या हाताला ठेवलेल्या बोर्डवर आर०१०. मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी ती अक्षरं. मामा म्हणाले, “तुमचं सॉफ्टवेअर हे वाचू शकत नाही का रे?”

नाही, मामा. कुठल्याही चिपचं कुठलंही रजिस्टर हे सांगत नाही. ओळखक्रमांक दोन्ही बोर्डांवर अगदी एकच, कारण चिप खरोखरच एक आहे.

म्हणून मला लिनक्समधला बीक्यू२४१५x चा ड्रायव्हर शहाणा वाटतो. ही मुळात फोनची चिप. नोकियाच्या एन९०० मध्ये तिचा २४१५०ए हा नमुना होता. बोर्डचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमध्ये रोधकाचं मूल्य मिलिओहममध्ये लिहिणं त्या ड्रायव्हरनं सक्तीचं केलंय. एन९०० साठी तिथे ६८ लिहिलेलं आहे. ६८! दहा नाही, वीस नाही. कुणी गृहीत धरून चाललं असतं तर सगळी गणितं भलतीकडे गेली असती. गूगलच्या क्रोमबुक लॅपटॉपच्या ईसीचा कोडही उघडा आहे, त्यात चार्जरच्या प्रत्येक आकड्याला बोर्डच्या रोधकानुसार गुणण्या-भागण्याची सोय केलेली दिसते. तिथे मूळ हिशेब १० मिलिओहमचा, आणि बोर्डवर २० चा असेल तर बोर्ड लिहिणाऱ्यानं तसं सांगायचं.

सांगायचं, पण कसं? एक जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे बोर्डवरच दोन-तीन पाय राखून ठेवायचे आणि प्रत्येकाला रोधकानं वर किंवा खाली बांधायचं. तीन पायांत आठ जोड्या होतात. क्रोमबुकवाल्यांनी त्यात एक गंमत केली: पाय कशालाच न बांधता मोकळा सोडणं ही तिसरी अवस्था धरली. आतून वर ओढून वाचायचं, मग खाली ओढून वाचायचं. पाय दोन्ही वेळा ओढू तसा हलला तर तो मोकळा आहे. झाले आठाचे सत्तावीस. पुढे तेही पुरेना, तेव्हा बोर्डवर एक लहानशी ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी चिप ठेवून तिच्यात कारखान्यातच माहिती लिहायला लागले: बोर्डची आवृत्ती, मॉडेल, फर्मवेअरनं काय गृहीत धरायचं ते. त्यात एक रकाना खास पर्यायी भागांसाठीच आहे. एका उत्पादकाचा भाग मिळाला नाही म्हणून दुसऱ्याचा लावला, तर त्याची नोंद तिथे.

तो रकाना किती कामाचा, हे २०२१-२२ च्या चिपटंचाईत कळलं. जी चार्जर चिप धरून बोर्ड आखला तिची तारीख महिनोन्‌महिने पुढे जात होती. खरेदी विभाग मिळेल ती चिप घेत होता, आणि आम्हाला सांगितलं जायचं, “पिन-टू-पिन सेम आहे.” पायांची जागा सेम असते हो! रजिस्टरं कुठे सेम असतात? बीक्यू२५७१० आणि बीक्यू२५७१३ हीच जोडी बघा. कामाला दोघी सारख्याच, पण एक एसएमबसवर ०९ या पत्त्यावर बोलते, दुसरी आयटूसी नावाच्या वेगळ्या बसवर ६बी वर. पत्ताच वेगळा म्हटल्यावर चुकीच्या ड्रायव्हरला निदान समोर कुणी सापडत तरी नाही. पत्ता तोच, १४ आणि १५ तीच, आणि पर्यायांचे बिट तेवढे वेगळे, अशा चिपा जास्त त्रासदायक. त्या निमूट ऐकतात आणि वेगळंच काहीतरी करतात.

एआरएम जातीच्या प्रोसेसरांच्या दुनियेनं हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. पूर्वी लिनक्समध्ये प्रत्येक एआरएम बोर्डसाठी सी भाषेतली वेगळी फाइल असायची. २०११ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्स यानं त्या पसाऱ्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर बोर्डचं वर्णन कोडमधून बाहेर काढून डिव्हाइस ट्रीमध्ये ठेवायला वेग आला. बीक्यू२४७३५ चा चार्जिंगचा प्रवाह, व्होल्टेज, अडॅप्टरची मर्यादा, हे सगळं आज तिथे लिहिता येतं. बोर्ड ज्यानं आखला त्यानंच ते लिहावं, हे त्यातलं खरं तत्त्व. घाईत मात्र कुणीतरी शेजारच्या बोर्डची फाइल उचलतो, नाव बदलतो, आकडे तसेच ठेवतो. आर०१० चं वर्णन आर००५ च्या बोर्डवर असंच तर येऊन बसतं.

बोर्डला विचारण्याऐवजी बॅटरीलाच विचारलं तर? हे उदाहरण मला विशेष जवळचं आहे, कारण त्याचा एक धागा आपल्या रायगड जिल्ह्यापर्यंत येतो. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरात इथल्या छोट्याशा शाळेत आला होता. तेव्हा त्याचं कौतुक त्या दोन कानांसारख्या अँटेनांचं आणि उन्हात दिसणाऱ्या स्क्रीनचं झालं. मी मात्र पुष्कळ नंतर त्याच्या बॅटरीच्या ड्रायव्हरच्या प्रेमात पडलो.

एक्सओला दोन रसायनांच्या बॅटऱ्या चालत: निकेल-मेटल हायड्राइड आणि लिथियम-आयर्न-फॉस्फेट. बाहेरून आकार सारखा, आतला स्वभाव पार वेगळा. निकेलची बॅटरी भरली हे व्होल्टेज थोडं घसरण्यावरून आणि तापण्यावरून ओळखायचं, तर फॉस्फेटचं व्होल्टेज जवळजवळ सपाट रेषेत चालतं, त्यावरून किती भरली हे सांगताच येत नाही. एकीला दुसरीसारखं चार्ज करून चालणार नाही. आणि हे यंत्र जाणार कुठे, तर जिथून सर्व्हिस सेंटर कोसो दूर आहे तिथे. दोन पोरांनी आपापसांत बॅटऱ्या बदलल्या तर यंत्राचं यंत्रालाच कळलं पाहिजे.

यासाठी पॅकच्या आतल्या ईईप्रॉममध्ये एक बाइट ठेवला होता, पत्ता हेक्स ५एफ. त्याच्या वरच्या चार बिटांत उत्पादक: १ म्हणजे गोल्ड पीक, २ म्हणजे बीवायडी. खालच्या चार बिटांत रसायन: १ म्हणजे निकेल, २ म्हणजे फॉस्फेट. बस. एका बाइटात बॅटरीचं कूळ आणि गोत्र. लिनक्समधला ड्रायव्हर तो बाइट वाचतो आणि त्यावरून पुढचं ठरवतो. गोल्ड पीकच्या निकेल पॅकची क्षमता ३००० मिलिअँपिअर-तासांच्या ०.८ पट धरतो, फॉस्फेटवाल्यांची २८००. अनोळखी आकडा आला तर उत्तर ‘अज्ञात’. त्याच फायलीत आणखी एक बाणेदार ओळ आहे. ईसीच्या फर्मवेअरची आवृत्ती हेक्स ४४ पेक्षा जुनी असेल तर ड्रायव्हर लॉगमध्ये सांगतो की ही फार जुनी आहे, आणि कामच करत नाही. पुढे एक्सओ १.७५ मध्ये एआरएम प्रोसेसर आला, ईसीकडून येणाऱ्या दोन बाइटांचा क्रम उलटला, तर त्यासाठीही नमुन्याच्या नावाला जोडलेली एक वेगळी खूण ठेवली. छोटी फाइल, पण कुणाचा शब्द कुठवर मानायचा हे तिला पक्कं ठाऊक आहे.

अर्थात, बॅटरी खरं बोलते यावर हे सगळं उभं आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन जुन्या लॅपटॉपची ‘कंपॅटिबल’ बॅटरी मागितली की काउंटरवर दोन-तीन भावांचे पॅक येतात. दुरुस्तीवाल्या मंडळींबद्दल मला आदर आहे. ती नसती तर निम्मे लॅपटॉप भंगारात गेले असते. पण हे पॅक एसएमबसवर जोडून वाचले की करमणूक होते. नाव मूळ कंपनीचंच लिहिलेलं, कारण नाव जुळलं नाही तर काही लॅपटॉप चार्जच करत नाहीत. एकाच दुकानातून आणलेल्या दोन पॅकचा अनुक्रमांक तोच. रसायनाच्या रकान्यात ‘एलआयओएन’ ही चार अक्षरं, पण सेल ४.२ व्होल्टवर भरणारे आहेत की ४.३५ वर, हे त्या चार अक्षरांतून कळत नाही. तीन सेलच्या पॅकमध्ये हा फरक १२.६ आणि १३.०५ व्होल्टचा पडतो. कमी दिलं तर बॅटरी थोडी कमी भरेल, एवढंच. जास्त दिलं तर गोष्ट धोक्याची.

नावावरून तक्ता शोधणाऱ्या ड्रायव्हरला असा पॅक सहज फसवतो. म्हणून मी नाव बघतो, पण शेवटचा शब्द नावाला देत नाही. पॅक मागतोय ते व्होल्टेज आणि तक्त्यातलं व्होल्टेज, यांतलं जे कमी ते घ्यायचं. प्रवाहाचंही तसंच.

मूळ पॅक आणि मूळ बोर्डसुद्धा विचित्र वागतात, तो भाग वेगळाच. लिनक्सच्या एसीपीआय बॅटरी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या फर्मवेअरकडून बॅटरीची माहिती घेणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, २०१० आणि २०११ मधल्या काही थिंकपॅड मॉडेलांसाठी एक खास अपवाद आहे: लॅपटॉप बॅटरीवर चालतोय की नाही यावर क्षमतेचं एकक बदलतं, कधी मिलिवॉट-तास तर कधी मिलिअँपिअर-तास! हा अपवाद मॉडेल ओळखून लावावा लागतो, कारण आकडा बघून त्याचं एकक कळत नाही.

त्या चार अँपिअरच्या दिवसानंतर आम्ही ड्रायव्हरमध्ये एक तपासणी घातली. चार्जिंग सुरू झालं की थोड्या वेळानं चार्जरला सांगितलेला प्रवाह आणि बॅटरीनं स्वतः मोजलेला प्रवाह यांची तुलना करायची. आमच्या बोर्डवर चार्जरचा रोधक फक्त बॅटरीच्या वाटेत आहे, लॅपटॉपला लागणारी वीज त्यातून जात नाही, त्यामुळे हे दोन आकडे जुळायलाच हवेत. बॅटरी भरत आली की प्रवाह आपोआप उतरतो, तेव्हा बॅटरीचा आकडा कमी येणं साहजिक आहे. पण सांगितलेल्याच्या दीडपट यायला काहीच कारण नाही. तसं झालं तर प्रवाह २५६ मिलिअँपिअरवर आणायचा आणि लॉगमध्ये लिहायचं.

यावर बैठकीत बरीच वादावादी झाली. एका बाजूचं म्हणणं, गिऱ्हाइकाला कारण दिसणार नाही, फक्त ‘चार्जिंग फार हळू’ दिसेल, आणि तक्रारी आपल्याकडे येतील. म्हणणं खोटं नाही. २५६ नं मोठी बॅटरी भरायला दिवस जाईल. पण बोर्ड कुठला ते ठाऊक नसताना पूर्ण प्रवाह सोडायचा, आणि तोही लिथियमच्या सेलमध्ये, हे मला कुठल्याही वेळापत्रकापुढे मान्य होण्यासारखं नाही. हळू चार्ज होणाऱ्या लॅपटॉपची तक्रार मी आनंदानं ऐकून घेईन. शेवटी ते तसंच राहिलं.

लॉगमधली ओळ मी आधी साधी ठेवली होती: प्रवाह जुळत नाही, अनोळखी नमुना, मर्यादित चार्जिंग. मामांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, वाचली आणि म्हणाले, “अनोळखी आहे ते तुला कळलं. मी काय करू? कारखान्यातल्या पोरानं बोर्डवर कुठं बघायचं ते लिही की.”

आता त्या ओळीत रोधकाचा बोर्डवर छापलेला क्रमांक येतो, ड्रायव्हरला अपेक्षित असलेलं मूल्य येतं, आणि बॅटरीच्या आकड्यावरून निघणारं अंदाजे मूल्यही: “पीआर४७ तपासा, अपेक्षित १०, दिसतो ५.”